कान फुटला म्हणून सोडून देऊ नका

मृग लागला की दोन-तीन आठवड्यांत दवाखान्यात कानाचे रुग्ण दिसू लागतात आणि चतुर्थी होईपर्यंत ती रांग कमी होत नाही. आपल्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मांगेली, तळकटसारख्या डोंगराच्या कुशीतल्या गावांत तर चार-चार दिवस ऊन दिसत नाही. कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळवावे लागतात. कानाची नळी म्हणजे जेमतेम एक इंच लांबीचा, एका टोकाला बंद असलेला बोगदा. त्यात शिरलेले पाणी अशा हवेत आपोआप वाळेल कसे?

कानाच्या दुखण्यावर आपल्याकडे औषध एकच, आणि ते घरोघरी पाठ आहे: लसूण घालून कढवलेले खोबरेल कोमट करून कानात सोडायचे. कान ठणकला तरी तेल, खाजला तरी तेल, बंद झाला तरी तेल, वाहू लागला तरी तेलच. तेलाला मुळातच वाईट म्हणण्याचे कारण नाही. पडदा शाबूत असलेल्या कानातला घट्ट मळ मऊ करायला त्याचा उपयोग होतो. पण ठणका, खाज, दडे बसणे आणि वाहणे ही चार निरनिराळ्या दुखण्यांची लक्षणे आहेत. त्यांतल्या दोहोंत तरी तेलाने नुकसान होते. म्हणून आधी दुखणे कुठले ते ओळखले पाहिजे, आणि त्यातले बरेचसे घरच्या घरी ओळखता येते.

कानाचे तीन भाग असतात. बाहेरची नळी पडद्यापाशी संपते. पडद्याच्या आत मधला कान म्हणजे हवेने भरलेली छोटी पोकळी. तिच्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्याशा हाडांची साखळी आहे. ही पोकळी एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या बाजूला जोडलेली असते. घाटात गाडी चढताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, ते या नळीमुळे. सर्वांत आत शंखाच्या आकाराचा अंतःकर्ण असतो. ऐकण्याची नस आणि तोल सांभाळणारी यंत्रणा तिथे आहे.

आता एक सोपी खूण. कानाच्या तोंडाशी, गालाच्या बाजूला, कुर्चेचा जो छोटा उंचवटा असतो तो बोटाने दाबा, किंवा कानाची पाळी हलकेच ओढा. असे करताना दुखणे वाढले तर बिघाड बहुधा बाहेरच्या नळीत आहे. दाबूनही फरक पडत नसेल आणि आत खोलवर ठणका असेल तर दुखणे मधल्या कानाचे असण्याचा संभव जास्त. आणि दोन्ही तपासून काहीच सापडले नाही तर दाढ बघावी. किडलेल्या दाढेचा, सुजलेल्या टॉन्सिलचा किंवा जबड्याच्या सांध्याचा ठणका कानात येणे ही नेहमीची गोष्ट आहे. चाळिशीच्या पुढच्या, तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्या माणसाचा कान महिनाभर दुखत असेल आणि कानात काहीच दोष नसेल, तर घसा आणि जिभेचे मूळ तपासून घेतलेच पाहिजे. तिथल्या कर्करोगाची पहिली तक्रार कधी कधी कानदुखी हीच असते.

पावसाळ्यातली बुरशी

भिंतीला, चपलेला, पापडाच्या डब्याला जशी बुरशी येते तशीच ती कानातही येते. सुरुवात खाजेने होते. मग कान भरल्यासारखा वाटतो, थोडे पाणी येते, शेवटी ठणका लागतो. डॉक्टरांनी आत पाहिले तर भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा पांढरट थर दिसतो आणि अनेकदा त्यावर काळे ठिपके असतात. खाज सुटली की माणूस हाताला येईल ते कानात घालतो: आगपेटीची काडी, केसांचा आकडा, पेनाचे टोपण, गाडीची चावी. नळीची कातडी खरवडते आणि बुरशीला आणखी जागा मिळते. वर तेल पडले की ओलावा टिकतो.

उपचार अवघड नाही. प्रथम डॉक्टरांकडून कान साफ करून घ्यायचा, मग क्लोट्रिमाझोलसारखे बुरशीनाशक थेंब दोन ते तीन आठवडे घालायचे. खाज चौथ्या दिवशी थांबते म्हणून औषधही थांबवले जाते आणि पंधरा दिवसांनी तोच रुग्ण परत येतो. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविक आणि स्टिरॉइड मिसळलेले थेंब आणून घातले तर बुरशी वाढते, हेही लक्षात ठेवावे. केस धुतल्यावर टॉवेलच्या टोकाने कानाचे फक्त तोंड टिपावे. ओल्या केसांवर हेल्मेट चढवून दोडामार्ग ते म्हापसा प्रवास करणाऱ्या तरुणांनी आणि दिवसभर कानात इअरफोनची बोंडे ठेवणाऱ्यांनी ही तक्रार वारंवार होत असेल तर कारण तिथेच शोधावे.

मधुमेहाच्या रुग्णांना मात्र वेगळी सूचना. वयस्कर मधुमेही माणसाचा कान रात्री झोप उडवण्याइतका ठणकत असेल आणि थेंबांनी आठवडाभरात उतार पडत नसेल, तर तो साधा जंतुसंसर्ग नसून कवटीच्या हाडात शिरलेला असू शकतो. तोंड एका बाजूला वाकडे होईपर्यंत थांबू नये. आधी रक्तातली साखर तपासावी आणि तज्ज्ञाकडे जावे.

मळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मळ ही घाण नव्हे. कानाने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केलेले ते मेण आहे. नळीची कातडी आतून बाहेर सरकत असते आणि मळ आपोआप बाहेर येतो. कापसाच्या काडीने आपण तो पुन्हा आत ठासतो. आंघोळीनंतर मळ फुगून कान एकदम बंद झाला तर चार-पाच दिवस मळ मऊ करणारे थेंब घालून डॉक्टरांकडून काढून घ्यावा. बाजारात बसून कान साफ करून देणाऱ्याच्या हाती कान देऊ नये. आणि पूर्वी कधी कान वाहत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण पडद्याला भोक असलेल्या कानात पाण्याची पिचकारी मारत नाहीत.

मुलांचा रात्रीचा ठणका

सर्दी झालेले दोन वर्षांचे मूल रात्री बारा वाजता किंचाळत उठते, कान ओढते, अंग तापलेले असते. मोठ्या माणसापेक्षा मुलाची नाक-कान नळी आखूड आणि आडवी असते. त्यामुळे सर्दीचे जंतू मधल्या कानात सहज पोचतात, तिथे पू होतो आणि पडद्यावर ताण येतो. हा ठणका फार तीव्र असतो. त्या रात्री तेल नको. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे, मुलाला उभे धरावे, सकाळी डॉक्टरांना दाखवावे. दोन वर्षांच्या आतले मूल, जोराचा ताप किंवा वाहणारा कान असेल तर प्रतिजैविक बहुधा द्यावेच लागते. थोड्या मोठ्या मुलाला सौम्य त्रास असेल तर डॉक्टर दोन दिवस वाट पाहण्याचा सल्ला देतात. त्यात हयगय नाही. पण औषध सुरू केले तर ते सांगितलेल्या दिवसांपर्यंत पुरे करावे.

कधी कधी पहाटे पडदा फुटतो, उशीवर पू दिसतो आणि मूल एकदम शांत झोपते. घरातले म्हणतात, कान फुटला, बरे झाले. ठणका थांबला हे खरे, पण दुखणे संपलेले नाही. असा ताजा फुटलेला पडदा बहुतेक मुलांत काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. अट एवढीच की कान कोरडा राहिला पाहिजे आणि तो भरला की नाही हे कोणीतरी आत बघून सांगितले पाहिजे. ही दुसरी तपासणी आपल्याकडे जवळजवळ होतच नाही.

बाळाला आडवे झोपवून बाटलीने दूध पाजणे, घरातला विडीचा आणि चुलीचा धूर यांनी हा आजार वाढतो. अंगावरच्या दुधाने आणि लसीकरणाने तो कमी होतो. न्यूमोकॉकसची लस 2021 पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात मोफत आहे. ती मुख्यतः न्यूमोनियासाठी असली तरी कानाच्या संसर्गाचे एक मोठे कारण असलेल्या जंतूवर तिचा रोख आहे.

फुटका कान

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस कान वाहत राहिला की तो जुनाट दुखण्यात मोडतो. आपल्याकडे याला आजार मानतच नाहीत. ‘झिलाचो कान फुटलो’ हे वाक्य अनेक आया ज्या सहजपणे सांगतात, त्याच सहजपणे पुढची दहा वर्षे जातात. दर पावसाळ्यात कान वाहतो, दर उन्हाळ्यात वाळतो.

फुटके कान दोन प्रकारचे असतात आणि हा फरक प्रत्येक घरात माहीत असावा, असे मला वाटते. पहिल्या प्रकारात पडद्याच्या मध्यभागी भोक असते. सर्दी झाली किंवा पाणी गेले की भरपूर, पातळ किंवा शेंबडासारखा, सहसा वास नसलेला स्राव येतो आणि औषधाने वाळतो. यात ऐकू कमी येते, पण जिवाला धोका क्वचितच असतो. दुसऱ्या प्रकारात स्राव थोडासाच असतो, बोटाला लागेल इतका, पण त्याला कुजका वास येतो. जवळ बसलेल्या माणसालाही तो जाणवतो. औषधाने तात्पुरता फरक पडतो. कधी कधी रक्त येते. यात पडद्याची कातडी मधल्या कानात शिरून साठत जाते आणि भोवतालचे हाड हळूहळू खाते. याला कोलेस्टिटोमा म्हणतात. तो कर्करोग नाही, पण जागा वाईट आहे. चेहऱ्याची नस याच पोकळीतून जाते आणि मेंदू केवळ पातळ हाडाच्या पलीकडे असतो.

म्हणजे भरपूर वाहणाऱ्या कानाची चिंता करणारे लोक थोड्याशा घाण वासाच्या स्रावाकडे दुर्लक्ष करतात, आणि प्रत्यक्षात धोका त्या थोड्याशा स्रावातच जास्त असतो. तरीही वासावरून घरीच निकाल लावू नये. प्रत्येक जुनाट कान एकदा तरी तज्ज्ञाने दुर्बिणीखाली पाहिलेला असावा.

कान वाहणाऱ्या माणसाला कानामागे सूज, तापाबरोबर जोराची डोकेदुखी, उलट्या, मान ताठ होणे, गरगरणे किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. वाहणारा कान अचानक थांबला आणि डोके दुखू लागले, तर त्याला बरे वाटण्याचे लक्षण समजू नये.

पहिल्या प्रकारच्या कानाची काळजी मात्र बरीचशी घरीच घ्यायची असते. स्वच्छ, मऊ सुती कापडाची किंवा कापसाची वात वळावी. काडीला कापूस गुंडाळू नये. वात हलकेच कानात ठेवून मिनिटभराने भिजली की काढावी, दुसरी ठेवावी, आणि ती कोरडी निघेपर्यंत असे करावे. दिवसातून तीन-चार वेळा. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेले थेंब. ओल्या पुवावर थेंब टाकले तर ते आत पोचतच नाहीत, आणि औषध लागू पडत नाही अशी तक्रार येते त्याचे निम्मे कारण हे. बाटली आधी मुठीत धरून कोमट करावी, कारण थंड थेंबांनी चक्कर येते. कान वर आणि मागे ओढून थेंब घालावेत, तान्ह्या मुलाचा कान खाली आणि मागे ओढावा. पुढचा उंचवटा चार-पाच वेळा दाबावा आणि पाच मिनिटे कुशीवर पडून राहावे. भोक असलेल्या कानासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे थेंब सुरक्षित समजले जातात. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब अंतःकर्णापर्यंत गेले तर नसेला इजा करू शकतात. म्हणून शेजाऱ्याची उरलेली बाटली वापरू नये. आंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोळून तो कानाच्या तोंडाशी बसवावा. तिलारीच्या कालव्यात उड्या मारणे अशा मुलांना वर्ज्य. हे पथ्य मुलाला सर्वांत जड जाते, हे मान्य.

कान कोरडा झाला की भोक शस्त्रक्रियेने बुजवता येते. कानाच्या वरच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून त्याचा नवा पडदा करतात. बहुतेकांचे ऐकणे सुधारते आणि वाहणे थांबते. दुसऱ्या प्रकारात मात्र थेंबांनी काम भागत नाही. हाड कोरून आजार मुळापासून काढावा लागतो. तिथे आधी जीव सुरक्षित करायचा आणि मग ऐकण्याचा विचार, असा क्रम असतो. आजार परत येऊ शकतो म्हणून पुढची अनेक वर्षे तपासणीला जावे लागते.

यात शाळेचे काय जाते ते पाहू. पडद्याला भोक असले की ऐकणे साधारण 20 ते 40 डेसिबलने कमी होते. मूल बहिरे वाटत नाही. घरात हाक मारली तर ओ देते. पण पावसाचा मारा पत्र्यावर चालू असताना शेवटच्या बाकावर बाईंचे निम्मे शब्द पोचत नाहीत. शुद्धलेखनात चुका होतात, प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. पडदा शाबूत असतानाही मधल्या कानात नुसते चिकट पाणी साठून असे होते, आणि त्यात ना ठणका ना स्राव. टीव्ही मोठा लावणारे, दोनदा विचारणारे, तोंड उघडे ठेवून झोपणारे मूल असेल तर कान तपासा. हे पाणी बरेचदा तीन महिन्यांत जिरते, न जिरल्यास उपाय आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि वाहणाऱ्या कानाची गोष्ट शिक्षकांनी पथकाच्या कानावर घालावी. तोपर्यंत त्याला पहिल्या बाकावर, चांगला कान बाईंकडे येईल असे बसवावे. याला काही खर्च नाही.

काजूच्या दिवसांत

फेब्रुवारीपासून काजूबागेत राबणाऱ्यांच्या कानात गोचीड शिरण्याचे प्रकार होतात. ती आतल्या कातडीला चिकटते आणि भयंकर ठणका लागतो. रॉकेल ओतू नये, चिमट्याने ओढू नये. तोंडाचा भाग आत तुटून राहतो. डॉक्टर कान बधिर करून ती काढतात. आपल्या तालुक्यात याला आणखी एक बाजू आहे. 2016 साली केर परिसरात माकडतापाची साथ झाली होती आणि हा रोग गोचिडीतूनच पसरतो. गोचीड काढल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर गोचिडीची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

रात्री झुरळ किंवा दुसरा जिवंत किडा शिरला आणि पूर्वी कधी कान वाहत नसेल, तर थोडे कोमट खोबरेल सोडून तो मारावा. या जागी तेल योग्य आहे. मग दवाखान्यात जाऊन काढून घ्यावा. मुलाने चवळी, वाटाणा कोंबला असेल तर पाणी घालू नये, दाणा फुगतो. खेळण्यातला बटण सेल गेला असेल तर काहीच घालू नये आणि तासांचा हिशेब धरून धावावे. काही तासांत तो आतली कातडी जाळतो.

एका रात्रीत बंद झालेला कान

सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकू येत नाही, दुखत नाही, फक्त आत शीळ वाजते. सगळे म्हणतात मळ असेल. असेलही. पण तोंड मिटून ‘हूं’ असा आवाज काढून पाहा. तो बंद कानात मोठा घुमला तर बहुधा मळ किंवा पाणी. चांगल्या कानात घुमला तर नसेला धक्का बसला असण्याची शंका घ्यावी. ही खात्रीची परीक्षा नव्हे, पण कोणत्याही परिस्थितीत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तज्ज्ञाकडे जावे. स्टिरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर ऐकणे परत येण्याची आशा असते. दोन आठवड्यांनंतर ती फार कमी होते. तेल घालून वाट पाहण्यात हेच दिवस जातात.

आवाजाने होणारे नुकसान याच्या उलट, वर्षानुवर्षे चोरपावलांनी येते. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, 100 डेसिबलचा जेमतेम पाव तास. गवत कापण्याचे यंत्र आणि चिरेखाणीतले कापणी यंत्र या वरच्या आकड्याच्या आसपास असतात. हत्ती पिटाळायला हाताशी फटाके फोडणाऱ्यांच्या कानाला तर एकच बार पुरतो. मेलेली नस परत येत नाही, म्हणून यंत्राबरोबर कानाचे रक्षक वापरावेत. कापसाचा बोळा कामाचा नाही.

कुठे जावे, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. पहिली तपासणी भेडशी, तळकट इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा दोडामार्गच्या ग्रामीण रुग्णालयात करून घ्यावी. पुढच्या तपासणीसाठी सावंतवाडीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा ओरोसचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सवयीने आपली पावले बांबोळीच्या गोमेकॉकडे वळतात. गोवा सरकारने 2018 च्या सुरुवातीला परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात उठलेला आवाज वाचकांना आठवत असेल. तेव्हा निघण्यापूर्वी शुल्काची आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. कानाच्या काही शस्त्रक्रिया या योजनेत बसतात. रेशनकार्ड, आधारकार्ड, आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि ऐकण्याच्या तपासणीचा जुना आलेख असेल तर तोही बरोबर न्यावा. जाण्याच्या दिवशी सकाळी कानात काहीही, औषधाचे थेंबसुद्धा, घालू नये. नाहीतर आत काय आहे ते डॉक्टरांना दिसत नाही आणि दुसरी खेप पडते.